मनगटात नस दबलीय: एनसीव्ही, सोनोग्राफी, की आकडे देणारा एमआरआय?

लोकमान्य नगरच्या एक काकू साड्यांना फॉल-पिको करतात. डिसेंबरात त्या शाल गुंडाळून, फाईल घेऊन आमच्या सेंटरवर आल्या. "रात्री दोनला हा हात मला उठवतो," म्हणाल्या आणि थर्मामीटर झटकावा तसा उजवा हात झटकून दाखवला. मुंग्या येतात, पण करंगळी शाबूत. हल्ली एमआरआयमधून नस किती दबलीय त्याचा आकडाच मिळतो, असं कुणीतरी सांगितलेलं. तोच करून टाकू का?

मी एमआरआयच्याच मशीनवर बसतो. तरी म्हटलं, काकू, आधी तो नको.

हात झटकल्यावर बरं वाटतं आणि करंगळी सुटलीय, एवढ्यावरूनच डॉक्टरांच्या मनात कार्पल टनेल येतं. मनगटातल्या त्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि त्यांच्या सोबतीला मीडियन नस जाते. आत सूज आली की नस चेपते. करंगळीची नस त्या बोगद्यातून जातच नाही. म्हणजे नाव जवळपास कळलेलंच असतं. तपासणीने सांगायचं ते किती दबलीय आणि कशामुळे.

किती, हे एनसीव्ही, म्हणजे नसेतून विजेची लहर किती वेगाने जाते ते मोजणारी तपासणी, सांगते. बारीक शॉक देतात, थोडं दचकायला होतं, बाकी काही नाही. दाबामुळे नसेवरचं मायलिनचं वेष्टण आधी बिघडतं, तेव्हा लहर उशिरा पोचते. आतले तंतूच मेले तर लहरीची उंची घटते. उशीर भरून निघायला सोपा, उंची अवघड. सर्जन हेच बघतात. दोष दोन. सुरुवातीच्या दुखण्यात रिपोर्ट चक्क नॉर्मल येतो. आणि गार हातात लहर मुळातच मंदावते, म्हणून थंडीत स्कूटरवरून आल्या आल्या टेबलावर हात ठेवू नका, ऊब येऊ द्या. मधुमेहात सगळ्याच नसा सुस्तावलेल्या असू शकतात. तिथे त्याच हातातल्या करंगळीच्या नसेशी तुलना करावी लागते.

कशामुळे, हे सोनोग्राफी स्वस्तात दाखवते. नस बोगद्यात शिरते तिथे फुगते. तिचा आडवा छेद, म्हणजे कापल्यासारखा दिसणारा गोल, साधारण १० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेला की संशय बळावतो. शेजारी गाठ असली तर तीही दिसते. मात्र प्रोब धरणारा हात सरावाचा हवा. कोपराजवळ नस जाड दिसली तर आपल्याकडे कुष्ठरोगही डोक्यात ठेवावा लागतो, प्रत्येक जाड नस दबलेलीच असते असं नाही.

आता आमचं मशीन. साध्या एमआरआयमध्ये दबलेली नस पांढरट, सुजलेली दिसते. पण किती पांढरी, हा नजरेचा कारभार. त्यात नस चुंबकाच्या दिशेशी साधारण ५५ अंशात वळली, तर ती निरोगी असूनही उजळते. म्हणून क्वांटिटेटिव्ह, म्हणजे आकड्यात मोजणारी, पद्धत आली. टी-टू मॅपमध्ये नसेत पाणी साचलं की मिलिसेकंदांचा आकडा चढतो. डिफ्यूजनमध्ये पाणी तंतूंच्या दिशेने किती सरळ धावतं ते ० ते १ मध्ये मोजतात. दाब आला की तो आकडा घसरतो. अंगठ्याखालच्या उंचवट्यातला स्नायू किती टक्के चरबी झाला, हेही निघतं. जुन्या दुखण्यात मला तर हाच आकडा सगळ्यात कामाचा वाटतो.

ऐकायला झकास. पण हिशोब करा: नसेचा छेद १० चौरस मिलिमीटर, आणि डिफ्यूजनच्या चित्रातला एक ठिपका साधारण १ मिलिमीटरचा. मोजायला ठिपके मिळाले दहा-बारा, त्यातले कडेचे शेजारच्या चरबीत मिसळलेले. बोट हललं की तेही गेले. शिवाय हात चुंबकाच्या मधोमध यावा म्हणून बऱ्याचदा पालथं झोपून हात डोक्यावर ताणायचा, मारुतीराया उड्डाणाला निघाल्यासारखा, आणि तसंच अर्धा-पाऊण तास पडून राहायचं. काकूंचा खांदा आधीच धरलेला! वयाप्रमाणेही डिफ्यूजनचा आकडा उतरतो. एका मशीनवर ०.५२ आणि दुसऱ्यावर ०.४६ आला, तर नस बिघडली की फक्त मशीन बदललं, कसं ठरवणार? आणि खर्च एनसीव्हीच्या कितीतरी पट.

मग तो कुणी करावा? हात स्पष्ट तक्रार करतोय, पण एनसीव्ही आणि सोनोग्राफी एकमेकींशी भांडतायत, त्यांनी. ऑपरेशन होऊनही मुंग्या जात नाहीत, त्यांनी. दुखणं मानेपासून खांद्याकडे किंवा कुल्ल्याच्या आत आहे, जिथे सोनोग्राफीचा प्रोब नीट पोचत नाही, त्यांनी तर नक्की. जाण्याआधी सेंटरला सरळ विचारा: टी-टू मॅप किंवा डिफ्यूजन करून आकडे रिपोर्टात देणार का? नुसत्या 'मनगटाच्या एमआरआय'त ते सहसा नसतात. तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघायचं असेल तर मशीन तेच, पद्धत तीच. पेसमेकर असेल तर फोनवरच सांगा.

काकूंना डॉक्टरांनी एनसीव्हीसोबत साखर आणि थायरॉईडही लिहून दिलं, दोन्हींमुळे हे दुखणं येऊ शकतं म्हणून. लहर उशिरा, उंची ठीक. सध्या रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपतात. आमचा मॅनेजर मात्र विचारत होता, फाईल घेऊन आलेली बाई स्कॅन न करता परत कशी गेली.