पिंपरी-चिंचवड की पुणे?

डिचोलीच्या माझ्या भाच्याला भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली असून, बिऱ्हाड पिंपरी-चिंचवडला करावे की पुण्यात, यावर घरात चतुर्थीपासून खल चालू आहे.

कामाचे अंतर पाहिले, तर पिंपरी-चिंचवड सरस ठरते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे मोटारी-दुचाक्यांचे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान उद्योग आले, आणि २०११ च्या जनगणनेत १७ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवलेले हे शहर त्यांच्याभोवतीच दाटत गेले. पुण्याहून मेट्रोने आल्यास नाशिक फाट्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा करावी लागते. पाळीच्या नोकरीत ही दगदग नको वाटते.

पाण्याच्या बाबतीत मात्र पुणे बरे, कारण पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या अखेरीपासून एक दिवसाआड पाणी मिळू लागले. परसातल्या विहिरीवर वाढलेल्या गोंयकाराला हे जडच जाणार!

गावी येण्यासाठीही पुणे सोयीचे आहे, कारण वास्कोची गोवा एक्सप्रेस पुण्याला थांबून दौंडकडे वळते, चिंचवडला जातच नाही. नाटक, ग्रंथालये आणि शिकवण्या यांत तर तुलनाच नको.

पाळीत काम करणाऱ्या, पैसा आणि झोप वाचवू पाहणाऱ्या एकट्या माणसाने पिंपरी-चिंचवड निवडावे. ज्याला नोकरीबरोबर पुढचे शिक्षण घ्यायचे आहे, त्याने प्रवास सोसून पुण्यात राहावे. भाचा पहिल्या प्रकारातला आहे.