संयुक्त शाळा अनुदान : 28 पटाच्या शाळेतून घेतलेला अनुभव

समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाविषयी मी पालक म्हणून लिहीत आहे. आमच्या वस्तीवरील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी सदस्य असून शाळेचा पट 28 आहे.

पूर्वी शाळा अनुदान वेगळे आणि देखभाल-दुरुस्तीचे वेगळे येत असे. 2018 पासून दोन्ही मिळून एकच रक्कम मिळते आणि खडू, वीजबिल, खेळाचे साहित्य की शौचालयाची दुरुस्ती, याचा अग्रक्रम समितीला ठरावाने ठरवता येतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे आमच्या बैठकीत आयांनी सर्वांत आधी मुलींच्या शौचालयाची तुटलेली कडी आणि गळकी तोटी हे विषय काढले. अनुदानातील किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेसाठीच वापरायची असते, ही अट मला अतिशय योग्य वाटते.

माझी खरी तक्रार रकमेच्या टप्प्यांबद्दल आहे. पट 30 पर्यंत असेल तर 10 हजार रुपये मिळतात आणि 31 ते 100 असेल तर 25 हजार. म्हणजे आमच्याकडे आणखी तीन मुले असती, तर अनुदान अडीचपट झाले असते. छपराची कौले, फळ्याचा रंग आणि विजेच्या मीटरचा स्थिर आकार मुले मोजून कमी होत नाहीत. स्वच्छतेचे 1 हजार बाजूला काढल्यावर उरलेल्या 9 हजारांत वर्षभराचे वीजबिल भरायचे आणि पावसाळ्यापूर्वी छप्परही शाकारायचे, हे लोकवर्गणीशिवाय जमत नाही, आणि ती वर्गणी देणारे बहुतेक जण शेतमजूर आहेत.

दुसरी अडचण वेळेची. गेल्या वर्षी खर्चाची मर्यादा, म्हणजे अनुदानातून किती रक्कम खर्च करता येईल याची मंजुरी, आमच्या शाळेला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली आणि 31 मार्चपूर्वी ठराव, दरपत्रके, खरेदी आणि ऑनलाइन देयके उरकावी लागली. पैसे थेट दुकानदाराच्या बँक खात्यात जात असल्यामुळे हिशोब चोख राहतो, हे मान्य. पण वर्षभर आम्हाला उधारीवर खडू देणाऱ्या वस्तीवरच्या दुकानदाराकडे पक्के बिल नव्हते, म्हणून ते पैसे तालुक्याच्या दुकानाला मिळाले आणि त्याची उधारी मुख्याध्यापकांनी स्वतःच्या पगारातून फेडली.

हे अनुदान बंद होऊ नये, असेच मी म्हणेन. मात्र लहान शाळांना पटाशी न जोडलेली एक किमान रक्कम जूनमध्येच मिळावी, अशी विनंती आमच्या समितीने ठराव करून वरच्या कार्यालयाकडे पाठवली आहे.