२ टीबीचा स्वस्त एसएसडी दिसला तर घेऊ नका, आणि घेतला असेल तर आजच तपासा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की सगळीकडे सेल लागतात, म्हणून हे आत्ताच लिहितोय. २ टीबीचा पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवायचा मेमरी चिपवाला ड्राइव्ह, दीड-दोन हजारात मिळतोय असं कुठेही दिसलं, ऑनलाइन असो नाहीतर फेरीतल्या, म्हणजे जत्रेतल्या बाजारातल्या, एखाद्या टेबलावर, तर तो घेऊ नका. खराब निघेल म्हणून नाही सांगत. ती वस्तू बनवतानाच फसवायला बनवलेली असते. आणि कोणी आधीच घेतला असेल तर त्यातल्या चार फाइल्स आजच उघडून बघा, पहिल्या टाकलेल्या पण आणि शेवटच्या पण. नुसतं नाव दिसतंय म्हणून थांबू नका, व्हिडिओ असेल तर मध्यापर्यंत चालवून बघा.

आमचं गाव गोव्यात डिचोली तालुक्यातलं, आणि आमचं घुमट आरतीचं मंडळ आहे, घुमट म्हणजे आमच्याकडचं मातीचं वाद्य. चवथीत घरोघरी आरत्या होतात, घुमट, शामेळ, कासाळे ही वाद्यं, आणि म्हणणारे पण एकापेक्षा एक. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला त्यानंतर आमच्या पोरांना पण वाटायला लागलं की हे सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवलं पाहिजे, कारण जुन्या लोकांच्या काही चाली फक्त त्यांच्याच तोंडी आहेत, कुठे लिहिलेल्या नाहीत. मग कोण फोनवर करतोय, कोण कॅमेऱ्यावर, असं करत बरंच जमलं. आता फोनवर फोर-के लावून शूट केलं तर मिनिटाला साधारण तीनशे-साडेतीनशे एमबी जातात, म्हणजे तासभराच्या आरतीला वीस जीबी. सगळ्यांचे फोन भरले. तेव्हा मंडळाच्या पैशातून एक मोठा ड्राइव्ह घ्यायचा ठरलं आणि एका मोठ्या शॉपिंग साइटवरून तो मागवला, १,८९९ रुपयांना, विक्रेता तिसराच कोणीतरी.

आला तेव्हा संशय यावा असं काहीच नव्हतं हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण असल्या गोष्टी वाचताना वाटतं की बघितल्यावर कळायला हवं होतं. तसं काही नसतं. धातूची बॉडी, टाइप-सी केबल, छान खोका, साइटवर चार स्टारच्या वर रेटिंग. लॅपटॉपला लावला, ड्राइव्ह दिसला, १.९५ टीबी मोकळे दाखवले. फाइल्स कॉपी झाल्या, एकही एरर नाही. फोल्डर उघडलं की सगळी नावं, तारखा, साइज बरोबर. मग पोरांनी फोन आणि कार्डं रिकामी केली, ड्राइव्ह घेतला होताच त्यासाठी.

कळलं कधी, तर मंडळासाठी एक छोटा व्हिडिओ जोडायला घेतला तेव्हा. सुरुवातीच्या फोल्डरमधलं सगळं चाललं आणि पुढे एकेक फाइल उघडेचना. काळा स्क्रीन. दुसऱ्या लॅपटॉपवर तेच, व्हीएलसी प्लेअरमध्ये तेच, ओटीजी केबलने फोनला लावून तेच. फाइल २१ जीबी आहे असं म्हणतोय आणि आत काही म्हणजे काहीच नाही, नुसती शून्यं. आमच्या वाड्यावरचे एक म्हातारे काका आहेत, हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी आता घुमट सोडलंय, त्यांनी शेवटच्या चवथीत वाजवलेली पूर्ण आरती त्या शून्यांमध्ये गेली. त्याचा मला अजून राग आहे आणि तो जाणार नाही. पैशाचं दुःख नाही, मंडळाने ते सोसले असते.

आता हे होतं कसं ते नीट समजून घ्या. कुठल्याही पेन ड्राइव्हमध्ये किंवा कार्डमध्ये दोन भाग असतात, एक मेमरीची चिप आणि दुसरा तिला सांभाळणारा कंट्रोलर. कॉम्प्युटर विचारतो तुझी साइज किती, आणि उत्तर देतो कंट्रोलर. चिपला कोणी विचारतच नाही. हे लोक कंट्रोलरमधलं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, बदलतात आणि ६४ जीबीच्या मेमरीला २ टीबी म्हणायला लावतात. विंडोज पण तेच मानतो, मॅक पण, फोन पण. खरी जागा भरेपर्यंत सगळं ठीक चालतं. ती संपली की काही ड्राइव्ह पुढचा डेटा "घेतला" असं सांगून सोडून देतात, आणि काही फिरून परत सुरुवातीला जाऊन जुन्याच डेटावर नवा लिहितात. फाइल्सची नावं, साइज आणि त्या कुठल्या जागी आहेत याची यादी मात्र सहसा ड्राइव्हच्या सुरुवातीला वेगळी असते, ती बहुतेक वेळा टिकते. वहीची अनुक्रमणिका जागेवर आहे आणि आतली पानं कोरी, तसं. म्हणून फोल्डर बघून कधीच कळणार नाही.

आमचा शेवटी स्क्रू काढून उघडला. आत एक साधा यूएसबी कार्ड रीडर, त्यात एक मायक्रोएसडी कार्ड, आणि हलू नये म्हणून वरून ग्लू गनचा गोंद. एसएसडी म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आणि सगळ्यात वाईट भाग मला हा वाटतो की हा फ्रॉड रिटर्नची मुदत बघून केलेला आहे. सात दिवस रिटर्न. सात दिवसांत ६४ जीबी भरून परत तपासून बघणारा माणूस हजारात एखादा. बाकीचे दोन-चार फोल्डर टाकतात, चालतंय बघतात, पाच स्टार देतात आणि ड्राइव्ह कपाटात जातो. म्हणूनच रेटिंग चांगलं असतं. ते रिव्ह्यू सगळे खोटे असतात असं नाही, बरेचसे खऱ्या माणसांनी पहिल्या दिवशी लिहिलेले असतात, "डिलिव्हरी फास्ट, पॅकिंग छान, फाइल्स पटापट गेल्या". मी नंतर बसून खालपर्यंत वाचले तर एक-स्टारवाले सगळे उशिरा लिहिणारे होते, प्रत्येकाचं म्हणणं एकच की फाइल्स दिसतात पण उघडत नाहीत. आणि काही रिव्ह्यू तर मोबाइल कव्हरचे होते, म्हणजे जुनी लिस्टिंग घेऊन तिच्यावरच माल बदललेला. त्यामुळे असलं काही घेताना एक-स्टार आणि सर्वात नवे रिव्ह्यू आधी वाचा, वरचं ॲव्हरेज बघू नका.

ओळखायचं कसं. पहिली गोष्ट किंमत. नाव असलेल्या कंपनीचा खरा २ टीबी पोर्टेबल एसएसडी दहा हजारांच्या वर जातो, आतल्या मेमरी चिपचीच किंमत तेवढी असते, सेल लागला म्हणून ती पाच पटीने खाली येत नाही. दुसरं, विंडोजने दाखवलेला आकडा. कंपनी २ टीबी म्हणते ते २,००० अब्ज बाइट, आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतो, म्हणून खऱ्या २ टीबीला विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसतात आणि १ टीबीला ९३१ जीबी. मॅकवर मात्र २ टीबीच दिसेल, ते बरोबर आहे. आमच्याने १.९५ दाखवले होते, तो आकडाच जमत नाही. पण हुशार चोर १.८१ पण दाखवू शकतो, तेव्हा आकडा बरोबर आला म्हणून खात्री धरू नका. तिसरं, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कचं नाव बघा. आमच्या ड्राइव्हचं नाव निघालं "व्हेंडरको प्रॉडक्टकोड", म्हणजे कंपनीचं नाव घालायची जागा तशीच ठेवलेली. चौथं, स्पीड. खरा एसएसडी सेकंदाला काहीशे एमबी घेतो, हा वीसच्या आसपास रेंगाळत होता. यूएसबी २ चा वेग कागदावर ४८० मेगाबिट, हातात जास्तीत जास्त चाळीस एमबी, त्यामुळे केबलच्या तोंडात यूएसबी ३ ची खूण म्हणून निळं प्लास्टिक दिसलं तरी आत काय आहे ते स्पीडच सांगतो.

पण खरी खात्री टेस्ट केल्यावरच. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं जुनं, फुकट, छोटं विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राइव्ह स्वतःच्या टेस्ट फाइल्सनी भरतं आणि मग परत वाचून जुळवतं. त्याला इन्स्टॉल करावं लागत नाही. आमच्या ड्राइव्हला त्याने ५८.९ जीबी ठीक आणि बाकी सगळं गेलं असं दाखवलं. वेळ लागतो, असा मंद ड्राइव्ह असेल तर २ टीबी लिहून परत वाचायला दोन दिवसांच्या वर पण जातील, लावून ठेवा. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी एफथ्री आहे, तेच काम करतं. एवढं थांबायचं नसेल तर विंडोजवर व्हॅलिड्राइव्ह आहे, २०२३ मध्ये आलं, ते ड्राइव्हवर पसरलेल्या ठिकाणी थोडं थोडं लिहून-वाचून बघतं आणि बऱ्याचदा काही मिनिटांतच लाल-हिरवे चौकोन दाखवतं. टेस्ट रिकाम्या ड्राइव्हवरच करा, डेटा टाकायच्या आधी, आणि रिटर्नची मुदत असताना. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डाला पण हेच लागू, कॅमेऱ्याची कार्डं तर आवर्जून तपासा, डुप्लिकेट कार्डं नावाजलेल्या कंपनीच्या पाकिटात पण येतात.

फाइल्स गेल्याच असतील तर काय. इथे लोक दुसऱ्यांदा फसतात. आम्ही चौकशी केली तेव्हा एका दुकानदाराने फोनवरच सांगितलं की शंभर टक्के काढून देतो, आधी पाच हजार ॲडव्हान्स पाठवा. ड्राइव्ह बघितला पण नव्हता. जो डेटा चिपवर कधी लिहिलाच गेला नाही तो जगातलं कुठलंही मशीन परत आणू शकत नाही, त्यामुळे अशा ड्राइव्हवर खर्च करू नका. शोधायचं तर मूळ जागी शोधा. कॅमेऱ्याचं कार्ड ताबडतोब काढून ठेवा, त्यावर नवीन शूट करू नका, आणि त्यावर फोटोरेक हे पुसलेल्या फाइल्स शोधणारं सॉफ्टवेअर चालवा, फुकट आहे, दिसायला जुनाट काळी खिडकी आहे पण काम करतं. आम्हाला एका कार्डावरून काही क्लिप मिळाल्या, कारण ते कार्ड नंतर कोणी वापरलं नव्हतं. फोनच्या आतल्या मेमरीतून पुसलेलं मात्र हल्लीच्या फोनवर जवळजवळ मिळतच नाही. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेलं असेल तर बिनमध्ये ६० दिवस राहतं, नसेल झालेलं तर ३० दिवस, आमची ती मुदत कधीच गेली होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेले तुकडे मिळाले, चित्र फाटलेलं पण आवाज बऱ्यापैकी, काकांच्या आरतीचं तेवढंच उरलंय.

तक्रारीचं सांगतो. विक्रेत्याला लिहिलं तर आधी म्हणाला फॉरमॅट करून बघा. मग म्हणाला ड्राइव्ह पूर्ण भरायचा नसतो. मग म्हणाला पाचशे रुपये परत देतो, रिव्ह्यू काढून टाका. फॉरमॅट अजिबात करू नका, एक तर पुरावा जातो आणि जे वाचलंय ते पण जातं. टेस्टचा स्क्रीनशॉट, ऑर्डरची पावती, लिस्टिंगवर २ टीबी लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट, हे आधी जमवा, लिस्टिंग नंतर गायब होते. साइटवाले सुरुवातीला मुदत संपली एवढंच उत्तर देत होते. तेव्हा त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला, ग्रीव्हन्स ऑफिसर म्हणतात त्याला, ईमेल केला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला असा अधिकारी ठेवावाच लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला तक्रार नोंदवली, तिथे डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळतो तो ईमेलमध्ये टाकला. रिटर्नची मुदत ही खराब मालासाठी आणि मन बदललं तर, हा खोटं सांगून विकलेला माल आहे, असं स्पष्ट लिहिलं. पूर्ण पैसे परत आले.

नसते आले तर जिल्हा ग्राहक आयोग होता, उत्तर गोव्याचा वेगळा, दक्षिण गोव्याचा वेगळा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही राज्यातला असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत करायची, आणि ई-जागृती पोर्टलवर घरी बसून भरता येते. १९३० हा नंबर सायबर फ्रॉडचा, खात्यातून पैसे कोणी उडवले तर त्यावर लगेच करायचा. मालाच्या फसवणुकीला १९१५. एखाद्या टेबलावरून रोख देऊन घेतला असेल तर मात्र हातात काही राहत नाही, पावती नाही, उद्या तो माणूस तिथे नाही.

ज्या लिस्टिंगवरून आम्ही घेतला ती आता बंद आहे. पण तोच फोटो, तीच धातूची बॉडी, दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाखाली परत आलीय, यावेळी ४ टीबी लिहून, २,२९९ ला. मी रिपोर्ट केलंय आणि खाली टेस्टचा फोटो लावून रिव्ह्यू पण टाकलाय. कुठे दिसला तर तुम्ही पण रिपोर्ट करा, एकट्याने केल्यावर ते काढत नाहीत.