पंचवटीतील काष्ठौषधींचे दुकान: ब्राह्मी, हळद आणि खाजकुयलीची खरेदी

पंचवटी कारंज्यावरून रामकुंडाकडे जाताना काष्ठौषधींची जी जुनी दुकाने लागतात, त्यांपैकी एका दुकानातून मी गेली काही वर्षे वाळवलेल्या वनस्पती घेत आहे. ‘मेंदूच्या पेशींचे रक्षण’ असे ठळक अक्षरांत छापलेल्या कॅप्सूलच्या बाटल्या हल्ली शहरात सर्रास मिळतात. या दुकानात मात्र गल्ल्यावर बसणारे काका असला कोणताही दावा करत नाहीत, आणि मुख्यतः त्याच कारणासाठी मी त्याची शिफारस करतो.

ब्राह्मी मागितली की काका आधी ‘कोणती?’ असे विचारतात. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मंडूकपर्णीच विकली जाते, तर स्मरणशक्तीवरील ज्या चाचण्यांचा बाटल्यांवर हवाला दिलेला असतो, त्या बहुतांशी जलब्राह्मीच्या, म्हणजे बॅकोपाच्या अर्कावर झालेल्या आहेत. काकांनी दोन्ही वनस्पती वर्तमानपत्राच्या कागदावर पसरून दाखवल्या. मंडूकपर्णीचे पान गोलसर आणि कडेला दातेरी होते. जलब्राह्मीची पाने बोटाच्या पेरापेक्षा लहान, चमच्यासारखी, काडीवर समोरासमोर लागलेली आणि चवीला चांगलीच कडू होती. एकदा दळून चूर्ण झाले की हा फरक ग्राहकाला ओळखता येत नाही, म्हणून अख्खी वनस्पती पाहून घेण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते. निरोगी प्रौढांना रोज 300 मिलिग्रॅम अर्क 12 आठवडे दिल्यावर शिकण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या क्षमतेत काहीशी सुधारणा दिसल्याचे अभ्यास आहेत. मात्र त्यामुळे पेशींचा ऱ्हास थांबतो, असे माणसांमध्ये सिद्ध झालेले नाही. शिवाय घरचे चूर्ण आणि तो प्रमाणित अर्क यांची मात्राही सारखी नसते.

हळदीची अख्खी हळकुंडे उत्तम मिळतात. मोडल्यावर आतून गडद केशरी दिसतात. हळदीत कर्क्युमिन जेमतेम 2 ते 5 टक्के असते आणि ते आतड्यांतून फारच कमी शोषले जाते. बेंगळुरू येथील 1998 च्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातील तिखट घटक, दिल्यावर शरीराला मिळणारे कर्क्युमिन 2000 टक्क्यांनी वाढले होते. प्रयोगशाळेत कर्क्युमिन अल्झायमरमधील अमायलॉइड प्रथिनाच्या गुठळ्यांना चिकटते, यावरून मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या. पण प्रत्यक्ष रुग्णांवरील 24 आठवड्यांच्या चाचणीत आजारावर फायदा आढळला नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील 2018 च्या अभ्यासात 40 जणांपैकी कर्क्युमिन घेतलेल्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली खरी, परंतु त्या व्यक्तींना स्मृतिभ्रंश नव्हता आणि त्यांना 18 महिने दिलेले कर्क्युमिन मुद्दाम शोषणक्षम केलेले होते. काका हळद देताना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, एवढे न चुकता विचारतात, हे नोंदवण्यासारखे आहे.

द्राक्षांबद्दल लिहिताना नाशिककर म्हणून थोडे जड जाते. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल या घटकावर 119 अल्झायमर रुग्णांमध्ये वर्षभराची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. तीत मात्रा रोज 2 ग्रॅमपर्यंत वाढवलेली होती, तर लिटरभर रेड वाइनमध्ये हा घटक काही मिलिग्रॅमच असतो; म्हणजे निफाड-दिंडोरीचा अख्खा मळा दारात असला तरी हिशेब जुळत नाही. त्यातही औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान इतरांपेक्षा अधिक घटलेले आढळले आणि त्याचा अर्थ अजून वादात आहे. दुकानात द्राक्षबियांची कॅप्सूल नाही, मनुका आहेत, आणि त्या चांगल्या आहेत.

तक्रार आहे ती खाजकुयलीबाबत. या बियांत लेव्होडोपा साधारण 3 ते 6 टक्के असते. 1937 मध्येच मद्रासच्या संशोधकांनी ते त्यांतून वेगळे केले होते, आणि पार्किन्सनच्या रुग्णांना डॉक्टर देतात ते औषध हेच. लंडनमध्ये 8 रुग्णांवर झालेल्या 2004 च्या छोट्या चाचणीत 30 ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर दिसला होता. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनते; म्हणजे हे डोपामिनची उणीव भरून काढणे झाले, पेशी वाचवणे नव्हे. इतके प्रभावी बी काका नसताना त्यांच्या मदतनीसाने माझ्यासमोर एका वृद्ध गृहस्थांना काहीही न विचारता बांधून दिले. त्यांची लेव्होडोपाची गोळी आधीच चालू असती, तर मात्रा दुप्पट होऊन मळमळ, चक्कर किंवा हातापायांच्या अनावर हालचाली असा त्रास झाला असता. मी हे नंतर काकांच्या कानावर घातले. त्यांनी मान्य केले, पण बरणीवर सूचनेची चिठ्ठी अद्याप लागलेली नाही.

भाव रास्त आहेत आणि वजन चोख असते. पुड्यांवर वनस्पतीचे नाव पेनाने लिहिलेले असते, तारीख मात्र नसते, त्यामुळे ती मागून लिहून घ्यावी लागते. समोर दळून हवे असल्यास सकाळीच जावे. दुपारनंतर चक्की बंद असते आणि आधी दळून ठेवलेले चूर्ण पुढे केले जाते, ते मी घेत नाही.