हेडरचे बोल्ट: क्लिपचे की पाचरीच्या वॉशरचे?

इंजिनातला धूर बाहेर नेणारा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून त्याजागी नळ्यांचा हेडर बसवला की त्याचे बोल्ट आज ना उद्या ढिले होतात, हे गाडीचे काम स्वतः करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. थंड इंजिन सुरू करताना हेडजवळ, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाजवळ, धूर निसटल्याची टकटक ऐकू यावी आणि इंजिन तापल्यावर ती बंद व्हावी, एवढी खूण पुरेशी असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात या दुखण्यावर जितके मेस्त्री तितके उपाय ऐकायला मिळतात. त्यांपैकी दोनच मला विचारात घेण्यासारखे वाटतात आणि ते दोन्ही मी माझ्या जिप्सीवर वापरलेले आहेत. स्प्रिंग वॉशरचा ताव हेडरच्या उष्णतेत उतरतो, नायलॉनचा नट तिथे टिकतच नाही आणि आट्यांना लावायच्या द्रवावर इतक्या उष्णतेत माझा भरवसा नाही. बोल्टच्या डोक्याला भोक पाडून तार ओवण्याची पद्धत उत्तम आहे. मात्र ती शर्यतीच्या गाड्यांनाच शोभते.

पहिला पर्याय क्लिपच्या बोल्टचा. याच्या डोक्यावर एक खाच असते. बोल्ट आवळल्यानंतर षटकोनी डोक्यावर एक पट्टी बसवायची, तिचा दांडा शेजारच्या नळीला किंवा हेडला टेकणाऱ्या जाड पत्र्याच्या, म्हणजे फ्लँजच्या, कडेला टेकवायचा आणि खाचेत क्लिप अडकवायची. दांडा अडला की बोल्टला फिरायला जागाच उरत नाही. याचा मोठा गुण असा की हे कुलूप बोल्टमधल्या ताणावर अवलंबून नसते. गॅस्केट, म्हणजे फ्लँज आणि हेडमधला धूर अडवणारा थर, पूर्ण बसून ताण गेला, तरी बोल्ट गळून रस्त्यावर पडणार नाही. शिवाय बॉनेट उघडून नुसत्या नजरेने खात्री करता येते.

दुसरा पर्याय पाचरीच्या वॉशरचा, जो स्वीडनच्या नॉर्ड-लॉक कंपनीमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला. यात वॉशरची जोडी असते. बाहेरच्या बाजूंना बारीक दाते आणि आतल्या, एकमेकींना भिडणाऱ्या बाजूंना तिरके चढ. या चढाचा कोन आट्यांच्या कोनापेक्षा जास्त ठेवलेला असल्यामुळे बोल्ट उलटा फिरू लागला की वॉशर एकमेकांवर चढतात आणि ताण कमी होण्याऐवजी वाढतो. जर्मन अभियंते गेर्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले होते की बोल्ट सुटतो तो प्रामुख्याने जोडाच्या आडव्या सरकण्यामुळे, आणि हेडरवर नेमके तेच घडत असते. साध्या पोलादाची ४० सेंटिमीटरची फ्लँज २०० अंशांनी तापली की जवळपास १ मिलिमीटर वाढते. तिच्यामागचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड निराळ्या तापमानाला, निराळ्या गतीने वाढते आणि दर वेळी तापताना व निवताना दोघांमध्ये घासाघीस होते.

ताणावर न विसंबणाऱ्या कुलुपामुळे इथवर पारडे क्लिपच्या बाजूने झुकलेले वाटेल, आणि कागदावर ते तसेच आहे. माझे मत बदलले ते पुन्हा आवळण्याच्या वेळी. नवे गॅस्केट पहिल्या काही तापण्या-निवण्यांत दबते, त्यामुळे इंजिन पूर्ण थंड असताना सर्व बोल्टांना पुन्हा पाना लावावाच लागतो. बोल्ट कोणतेही असोत, यातून सुटका नाही. क्लिपच्या बोल्टांना पाना लावायचा तर आधी प्रत्येक क्लिप काढा, पट्टी उचला, मग आवळा. शेवटच्या सिलिंडरपाशी हात जेमतेम जातो, तिथे हे सगळे चाचपडत करावे लागते आणि एखादी क्लिप चिमट्यातून उडून इंजिनाच्या खाली कुठेतरी दडी मारते. त्याहून वाईट म्हणजे बोल्ट योग्य ताणाला आवळला, तरी षटकोनी डोक्याचा कोन असा येतो की पट्टीचा दांडा कशालाच टेकत नाही. तेव्हा तो टेकावा म्हणून बोल्ट किंचित मागे फिरवण्याचा मोह होतो, जो अगदी उलट्या दिशेचा आहे. या कटकटीमुळे माणूस पाना लावणे पुढे ढकलतो. मी तरी ढकलत असे. परिणामी बोल्ट जागच्या जागी कुलूपबंद राहायचा आणि गॅस्केटमधून मात्र धूर निघायचा.

पाचरीच्या वॉशरवर हेच काम साध्या पान्याने होते. आट्यांना तांबेयुक्त ग्रीस लावले तरी त्यांचे बिघडत नाही, कारण त्यांची पकड आट्यांच्या घर्षणावर नसते; अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये हे ग्रीस हवेच, नाहीतर पुढच्या वेळी बोल्टबरोबर आटेही बाहेर येतात. ग्रीस लावल्यावर आवळण्याचा जोर मात्र थोडा कमी ठेवावा. हे वॉशर बसवल्यापासून गगनबावड्याहून करूळ घाट उतरून तळकोकणात जाणे आणि भर पावसात तापलेल्या हेडरवर रस्त्यावरचे पाणी उडणे, दोन्ही नेहमीचेच झाले आहे; टकटक परत ऐकू आलेली नाही. हे मोजमाप नव्हे, एका गाडीचा अनुभव आहे, हे मान्य.

त्यांच्याही अटी आहेत. ताण पूर्ण गेला तर त्यांचा उपयोग संपतो, म्हणून सुरुवातीचे पुन्हा आवळणे चुकवून चालत नाही. खाली साधा वॉशर घालायचा नाही, दाते थेट फ्लँजमध्ये रुतले पाहिजेत. फ्लँजला भोकाऐवजी उघडी खाच असेल, तर वॉशर पूर्ण टेकतो का ते आधी पाहावे. जोडीच्या जाडीमुळे आठ मिलिमीटरच्या बोल्टचे दोन-अडीच मिलिमीटर वॉशरखालीच खर्ची पडतात, तेवढा लांब बोल्ट घ्यावा. हेडमध्ये किमान १२ मिलिमीटर आटे गुंतलेले असावेत. वेल्डिंगने वाकलेली फ्लँज मात्र आधी सपाट करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी कोल्हापुरात लांब जावे लागत नाही.

ज्यांची गाडी ट्रॅकवर पळते, किंवा ज्यांच्या हेडरच्या नळ्या बोल्टपासून इतक्या दूर आहेत की क्लिप आरामात निघते, त्यांनी क्लिपचेच बोल्ट घेतले तर मी वाद घालणार नाही. रोजच्या गाडीला, आणि विशेषतः जिथे शेवटचा बोल्ट आरशात पाहूनच सापडतो तिथे, मी पाचरीचे वॉशर आणि चांगल्या प्रतीचे साधे बोल्ट घेईन.