हायपरक्रॅकर: चार महिने शोधला, सहा महिने वापरला

केळशीहून आंजर्ल्याकडे जाताना सायकलच्या मागच्या चाकाचा आरा तुटला. अर्थातच उजवीकडचा. त्या बाजूचे आरे कॅसेटमुळे, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्यामुळे, जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात, त्यात माझ्या दोन्ही पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) गच्च भरलेल्या. जादा आरे होते, आरे आवळायची निपल की होती. पण त्या बाजूचा आरा घालायला आधी कॅसेट काढावी लागते, आणि ती काढायला काहीच नव्हतं. गावातल्या एका गॅरेजवाल्याने छिन्नी-हातोडी घेतली आणि "एका मिनटात काढतो" म्हणत कॅसेट धरून ठेवणाऱ्या लॉकरिंगचे दाते सोलून काढले. आऊट झालेलं चाक ब्रेकला घासत दापोलीपर्यंत ढकलत नेलं आणि पुण्याला एसटीने परतलो. नव्या लॉकरिंगचे पैसे गेले ते वेगळेच.

तेव्हापासून हायपरक्रॅकरच्या, म्हणजे रस्त्यातच लॉकरिंग सोडवणाऱ्या छोट्या अवजाराच्या, मागे लागलो. आधी पामिर, मग जे. ए. स्टाईन यांनी बनवलेला, आता बंद झालेला. घरी कॅसेट काढायला ती धरून ठेवणारा चेन व्हिप (साखळी लावलेला दांडा) आणि हातभर पाना लागतो, नाहीतर ती उलटी नुसती टिकटिक फिरत राहते. ते दोन्ही काम हा बोटाएवढा तुकडा फ्रेम आणि पायडलकडून करून घेतो. एका ऑनलाइन दुकानाने 'शिल्लक आहे' म्हणत पैसे घेतले आणि साधा लॉकरिंग रिमूव्हर पाठवला, जो माझ्याकडे दोन आहेत. पैसे परत मिळायला सात आठवडे लागले. शेवटी बंगळुरूच्या एका निवृत्त सायकलस्वार काकांच्या बिस्किटाच्या डब्यात तो सापडला. त्यांनी २,२०० सांगितले, मी १,५०० म्हटलं, १,८०० वर तुटलं. इतक्याशा लोखंडाला अठराशे! आठवडाभर घरात आकडा सांगितला नाही.

वापर असा: चाक काढायचं, अवजार लॉकरिंगमध्ये बसवायचं, त्याचं शेपूट फ्रेमला टेकेल असं चाक परत लावायचं, चाक धरणारा क्विक रिलीजचा खटका जेमतेम आवळायचा. चेन पुढे लहान, मागे मोठ्या चकतीवर. मागचं चाक उचलून पायडल हाताने हळूच पुढे दाबायचं. 'कट्' असा आवाज येतो आणि पहिल्यांदा वाटतं, फ्रेम गेली. तिथेच थांबायचं. पुढचे आटे चाक काढून हाताने.

थांबलात नाही तर काय होतं ते माझ्या फ्रेमवर बघायला मिळेल. लॉकरिंग सुटताना बाहेर येते, अवजाराला ड्रॉपआऊटवर (फ्रेमची चाकाचा आस बसतो ती खाच) रेटते, आणि जागा असते ती चिमूटभर. पहिल्याच खेपेला मी उत्साहाने अर्धा फेरा जास्त दाबला आणि आतला रंग मुगाच्या दाण्याएवढा उडाला. स्टीलची फ्रेम म्हणून एवढ्यावर निभावलं. कार्बनवर हा प्रकार करूच नका. तो डाग बाहेरून कोणाला दिसत नाही, मला रोज दिसतो. नेलपॉलिश लावलं. घरातल्या कुठल्याच बाटलीचा निळा त्या निळ्याशी जुळला नाही. आता जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालतो. तोही दर वेळी घसरून खाली पडतो.

घट्ट करायला उलटं: चाक हाताने मागे फिरवायचं. किती जोराने आवळायचं ते लॉकरिंगवर ४० न्यूटन-मीटर असं कोरलेलं असतं, हाताने त्याच्या आसपासही जात नाही. चौथ्या महिन्यात मी ठरवून टाकलं होतं की हे अवजार म्हणजे हौसेचे पैसे. केव्हलारच्या दोरीचा तात्पुरता आरा, फायबरफिक्स, कॅसेट न काढता बसतो आणि कुणाचा रंग उडवत नाही.

मग ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेटमध्ये (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) रात्री पावसात आरा तुटला. टपरीच्या पत्र्याखाली, कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात, आरा बदलून चाकाचा आऊट काढून निघायला चाळीस मिनिटं लागली. खरा आरा, खरा ताण, ब्रेक कुठे घासत नाही. चढावर कॅसेट कुरकुरत होती, पण वेळेत पोचलो. घरी येऊन जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने लॉकरिंग नीट आवळली. दोरीबद्दलचं मत मागे घेत नाही, पण ती दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवायची चीज आहे. मला अजून १४० किलोमीटर जायचं होतं.

आज घ्यायचाच असेल तर जुन्याच्या मागे चार महिने घालवू नका. याच तत्त्वावरचं छोटं अवजार युनिअरने काढलेलं आहे, ते बघा. थ्रू-एक्सलवाल्यांनी (क्विक रिलीजऐवजी आरपार जाड आस असलेल्या सायकलवाल्यांनी) मात्र आपल्या फ्रेममध्ये बसतं का ते आधी तपासा.

परवा एका मित्राने लडाखसाठी माझा मागितला. त्याला मी फायबरफिक्स विकत घेऊन दिला.