एमसीपीपी २.७.२ : लॅबमध्ये बांधून पाहावा असा सी प्रीप्रोसेसर

जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूरच्या लॅबमध्ये सी शिकणारी मुलं मॅक्रो (कोडच्या तुकड्याला दिलेलं छोटं नाव) लिहितात, पण मॅक्रोचा विस्तार होताना काय घडतं ते सहसा कुणाला दिसत नाही. जीसीसी या कंपायलरला डॅश कॅपिटल ई दिलं की हजार ओळी धडाधड पडद्यावरून निघून जातात आणि हाती काही लागत नाही. एमसीपीपी हा स्वतंत्र प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी सोर्समधली मॅक्रो उलगडणारा प्रोग्रॅम) त्यासाठी फार कामाचा आहे. डेकस सीपीपी या जुन्या प्रोग्रॅमवरून जपानमध्ये तो घडला. २.७.२ ही आवृत्ती २००८ ची, परवाना बीएसडी धाटणीचा, पैसे शून्य. सोर्स एकदा पेन ड्राइव्हवर घेतला की बांधणीसाठी (बिल्डसाठी) नेट लागत नाही.

बांधणी सोपी आहे. उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज असलं की पुरे. टारबॉल (सोर्सची बांधलेली फाइल) उलगडा, आत जा, मग कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. मुख्य सी फाइली मोजक्याच आहेत, त्यामुळे जुन्या ड्युअल कोअर मशीनवरही फार वेळ जात नाही. कॉन्फिगरला प्रीफिक्स म्हणून स्वतःचा होम फोल्डर द्या, म्हणजे सुडो (प्रशासकाचे अधिकार) लागत नाही आणि लॅब असिस्टंटची परवानगीही नाही.

एक पर्याय मात्र सामायिक मशीनवर चुकूनही देऊ नका : एनेबल-रिप्लेस-सीपीपी. तो जीसीसीच्या स्वतःच्या प्रीप्रोसेसरच्या जागी एमसीपीपी बसवतो. मग त्या मशीनवर कुणीही काहीही कंपाइल केलं तरी ते याच्यातून जातं, आणि आजच्या हेडर फाइली २००८ च्या प्रोग्रॅमला पेलतील याचा भरवसा नाही. हा पर्याय दिला नाही तर स्वतंत्र बांधणी होते. आपल्याला तीच हवी.

अडचण येते ती सोर्सच्या वयामुळे. जीसीसी १४ पासून घोषणा न करता फंक्शन वापरणं ही थेट एरर झाली आहे, आणि जीसीसी १५ चं मूळ मानक सी २३ वर गेलं आहे. जुना सोर्स अशा कंपायलरवर अडला तर कॉन्फिगरच्या वेळीच सीफ्लॅग्ज या कंपायलरच्या पर्यायांमध्ये जीएनयू ८९ हे मानक द्या. रास्पबेरी पायसारख्या ६४ बिट आर्म बोर्डवर कॉन्फिगर 'मशीन ओळखता येत नाही' म्हणून सुरुवातीलाच थांबतो, कारण सोबतच्या कॉन्फिग डॉट गेस आणि कॉन्फिग डॉट सब या फाइली त्या प्रोसेसरच्या आधीच्या आहेत. ऑटोमेकच्या फोल्डरमधून नव्या दोन्ही फाइली आणून त्यांच्या जागी ठेवल्या की काम पुढे सरकतं.

बांधून झाल्यावर पहिलीच फाइल चालवली की बऱ्याच जणांची गाडी अडते. एसटीडीआयओ इन्क्लूड केलं की 'हेडर सापडत नाही' असं उत्तर येतं. स्वतंत्र बांधणी साधारण यूएसआर-इन्क्लूड आणि यूएसआर-लोकल-इन्क्लूड एवढ्याच जागा पाहते, पण उबुंटूवर सीडेफ्ससारखी हेडर प्रोसेसरच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये असतात आणि एसटीडीडेफ तर जीसीसीच्या स्वतःच्या घरात. जीसीसीला डॅश कॅपिटल ई डॅश व्ही देऊन शोधाची यादी काढा आणि त्यातली प्रत्येक जागा डॅश कॅपिटल आयने द्या. जीसीसीची पूर्वनिश्चित मॅक्रोही याच्याकडे नसतात. ती डॅश कॅपिटल ई सोबत डॅश डीएम देऊन एका फाइलीत उतरवून घेता येतात. मात्र एसटीडीसीसारखी मानकाने राखून ठेवलेली नावं तिथून काढून टाका, नाहीतर पुन्हा व्याख्या केल्याची तक्रार येते.

मराठी मजकूर असलेल्या सोर्सला आणखी एक काळजी घ्यावी लागते. एमसीपीपी मुळात जपानी ईयूसी एन्कोडिंग गृहीत धरतो. ठिबकच्या कंट्रोलरवर 'झडप बंद' असा संदेश यूटीएफ-८ मध्ये लिहिला, तर देवनागरीचे तीन-तीन बाइट त्याला जुळत नाहीत आणि बेकायदा मल्टिबाइट अक्षराचे इशारे येतात. डॅश स्मॉल ई पुढे यूटीएफ८ लिहिलं की भागतं.

आता तपासणी. या पॅकेजचं खरं मोल इथेच आहे. सोबत प्रीप्रोसेसर तपासायचा पूर्ण चाचणी संच येतो. एनने सुरू होणाऱ्या फाइली बरोबर सोर्सच्या, आयच्या अंमलबजावणीवर सोडलेल्या गोष्टींच्या, ईच्या मुद्दाम चुकीच्या. संच आपोआप चालवणाऱ्या मेक चेकसाठी डेजाग्नू हे चाचणीचं साधन लागतं आणि ते टीसीएल व एक्स्पेक्टही ओढून आणतं, म्हणून नेट असताना आधीच घालून ठेवा. हातानेही चालवता येतं. फक्त फाइलींतला फरक दाखवणाऱ्या डिफला रिकाम्या जागा आणि रिकाम्या ओळींकडे दुर्लक्ष करायला सांगा, नाहीतर एका स्पेसच्या फरकावरून बरोबर उत्तर नापास होईल. ई गटाला सर्वांत जास्त वेळ द्या. बरोबर सोर्स बरोबर उलगडणारे पुष्कळ प्रीप्रोसेसर चुकीचा सोर्स गुपचूप गिळतात.

संचाबाहेरचं एक उदाहरण स्वतः करून बघा. एफ(क) म्हणजे 'क * जी' आणि जी(क) म्हणजे 'एफ(क)' अशा दोन व्याख्या करा आणि एफ(२)(९) लिहा. पहिला विस्तार '२ * जी' इथे संपतो, पण जीला लागणारा कंस मॅक्रोच्या बाहेर, पुढच्या मजकुरात आहे. तो ओढून घेतला की पुन्हा एफ(९) समोर येतं. तिथेच थांबून '२ * एफ(९)' द्यायचं की पुढे '२ * ९ * जी' पर्यंत जायचं? सी मानक दोन्ही उत्तरं मान्य करतं. अशा वेळी एमसीपीपी नुसतं उत्तर देत नाही, मॅक्रोने पुढचा मजकूर ओढून घेतल्याचा इशाराही देतो आणि ती व्याख्या कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीत आहे तेही दाखवतो. डॅश कॅपिटल के दिलं तर विस्तार कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, याच्या खुणा कॉमेंटमध्ये मिळतात. मॅक्रो शिकवणाऱ्याने याहून आणखी काय मागावं! इशाऱ्यांचे वर्ग १, २, ४, ८, १६ असे असून बेरीज करून मागायचे. सगळे हवे असतील तर डॅश डब्ल्यू ३१.

मर्यादा मोठ्या आहेत. मूळ स्थितीत तो सी ९० च्या वळणाने चालतो, सी ९९ साठी डॅश कॅपिटल व्ही पुढे १९९९०१एल द्यावं लागतं. सी २३ मधलं व्हीए-ऑप्ट, एलिफडेफ, एम्बेड यातलं काहीच त्याला कळत नाही. रोजच्या प्रोजेक्टची बांधणी जीसीसीवरच ठेवा. याशिवाय याच आवृत्तीत डू-एमएसजी या फंक्शनमध्ये हीप ओव्हरफ्लोची, म्हणजे मिळालेल्या मेमरीच्या बाहेर लिहिलं जाण्याची, नोंदलेली त्रुटी आहे (सुरक्षा त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१९-१४२७४). म्हणून मुलांनी पाठवलेल्या असाइनमेंट आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर हा बसवू नका. लॅबच्या मशीनवर, साध्या यूजरखाली आणि स्वतःच्या फाइलींवर तो बेलाशक चालवा.